हडळ मेली कशानं?

मीरा रोडच्या एखाद्या जुन्या इमारतीत एका मजल्यावर चार दारं असतात आणि चारही घरांत वेगवेगळी भाषा बोलतात. एक कुटुंब रत्नागिरीकडचं, दुसरं जौनपूरचं, तिसरं केरळातलं, चौथं बंगाली. पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि मुलं जिन्यात येऊन बसली की भुतांच्या गोष्टी निघतात. कोकणातला मुलगा हडळीची गोष्ट सांगतो, जौनपूरचा चुडैलची, मल्याळी मुलगी यक्षीची आणि बंगाली मुलगी शाकचुन्नीची. नावं चार, पण वर्णन जवळजवळ एकच: केस मोकळे सोडलेली बाई, मुक्काम झाडावर, एकट्यादुकट्याला गाठणारी आणि अवेळी मेलेली.

या चार घरांचं खाणं वेगळं, सणवार वेगळे, लग्नाच्या रीती वेगळ्या. मग भीतीच तेवढी एकसारखी कशी? आणि ती बाईचीच का?

भुतं नसतात. भुतांच्या गोष्टी मात्र असतात, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कुठलीही गोष्ट इतकी टिकते ती कशाच्या तरी आधारावर. हा आधार कोणता, ते पायरीपायरीने पाहू.

भुतांचीही वर्गवारी असते

मराठी मुलखातल्या भुतांची एक मोठी लेखी नोंद फार वेगळ्या वाटेने आपल्यापर्यंत आली. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून गावोगावच्या समजुती गोळा केल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. मागे राहिलेली टिपणं आर. ई. एन्थोवेन याने संपादित केली. कोकणाचा भाग १९१५ साली छापून आला आणि १९२४ साली ‘द फोकलोर ऑफ बॉम्बे’ हे त्याचं पुस्तक निघालं.

अशा नोंदी आणि गावातली म्हातारी माणसं सांगतात ते एकत्र ठेवलं, की एक गंमत दिसते. पुरुषांची भुतंही भरपूर आहेत. वेताळ हा तर भुतांचा राजा. मुंज झाली पण लग्न राहिलं तो मुंजा. इस्टेटीत जीव अडकलेला, वारस न ठेवता गेलेला तो समंध. शिवाय खवीस, झोटिंग, देवचार आहेतच.

आता बायकांची यादी पाहा. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली, काही गावांत विटाळशी असताना गेलेली, ती हडळ किंवा हेडळी. पोटुशी किंवा ओली बाळंतीण असताना गेलेली अलवंतीण. सवाष्ण गेलेली जखीण. विधवा मेली तर लावसट. गावागणिक ही नावं इकडची तिकडे होतात. एका तालुक्यातली जखीण शेजारच्या तालुक्यात हडळ म्हणून ओळखली जाते. वर्गवारीचं सूत्र मात्र बदलत नाही.

पुरुष भूत का झाला, हे सांगताना त्याची इस्टेट, मुंज, वारस, जात अशी अनेक कारणं येतात. बाईच्या भुताला दोनच प्रश्न विचारले जातात: नवरा होता का, आणि मूल झालं का? जिवंतपणी तिला समाजात जी जागा याच दोन प्रश्नांवरून मिळायची, तीच मेल्यावरही मिळाली. हडळ समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते.

फोक हॉरर म्हणजे काय?

लोकसमजुती, गाव आणि भूमी यांतून उगवणाऱ्या भयकथेला आज जगभर फोक हॉरर म्हणतात. आपण तिला लोकभयकथा म्हणू. हे नाव रूढ झालं ते ब्रिटनमध्ये, तीन चित्रपटांच्या निमित्ताने: ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८), ‘द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (१९७१) आणि ‘द विकर मॅन’ (१९७३). अॅडम स्कोव्हेल या अभ्यासकाने २०१७ च्या आपल्या पुस्तकात या कथांची चार कड्यांची साखळी मांडली. पहिली कडी भूमी: रान, शेत, दलदल. दुसरी एकटेपणा: जगापासून तुटलेलं गाव. तिसरी, त्या गावात रुजलेली वेगळीच श्रद्धा. चौथी, त्या श्रद्धेपोटी घडणारं भयंकर कृत्य, बहुधा बळी.

या साखळीत बाई कुठे बसते? जवळजवळ प्रत्येक कडीत. चेटकीण तीच, पुजारीण तीच, बळीही बरेचदा तीच. याचं कारण शेतीच्या गावात सापडतं. गाव दोन गोष्टींवर जगतं: जमिनीने पीक द्यावं आणि बाईने मूल द्यावं. दोन्हींची गरज प्रचंड, पण दोन्ही हातातल्या नाहीत. पाऊस पडेलच असं नाही, बाळ जगेलच असं नाही. ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं आणि जे आपल्या ताब्यात नसतं, त्याची पूजाही होते आणि धास्तीही बसते. म्हणून सुफलतेची देवी आणि सुफलतेचं भूत एकाच अंगणात राहतात.

ओली बाळंतीण आणि ते दहा दिवस

हडळीच्या व्याख्येतल्या दहा दिवसांना वैद्यकीय अर्थ आहे.

बाळंतपणात बाई दगावते त्याची मुख्य कारणं तीन. पहिलं रक्तस्राव, हा बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत घात करतो. दुसरं जंतुसंसर्ग, यात दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून ताप चढतो, बाई बरळू लागते, माणसं ओळखेनाशी होते. तिसरं, वाढलेल्या रक्तदाबामुळे येणारे झटके. डोळे फिरतात, दातखिळी बसते, अंग ताठ होतं. शिवाय काही बाळंतिणींना पहिल्या एकदोन आठवड्यांत तीव्र मानसिक आजार होतो. भास होतात, झोप उडते, पोटच्या बाळाचीच भीती वाटू लागते.

आता शंभर वर्षांपूर्वीच्या घराची कल्पना करा. दवाखाना नाही, रक्तदाब मोजायचं यंत्र नाही, जंतू म्हणजे काय हे ठाऊक नाही. काल हसत बाळाला पाजणारी सून आज डोळे पांढरे करते, अनोळखी आवाजात किंचाळते आणि तिसऱ्या दिवशी जाते. घरच्यांनी जे पाहिलं त्याला त्यांच्याजवळ एकच स्पष्टीकरण होतं: हिला काहीतरी लागलं. ती गेल्यावर महिन्याभरात बाळही गेलं, तर पुढचं वाक्य आपोआप तयार व्हायचं: तिनेच नेलं.

बाळाच्या मरणालाही असंच वेळापत्रक होतं. नाळ कापायला घरातला विळा घ्यायचे. त्याच्यावर मातीतले जंतू असले की बाळाला धनुर्वात व्हायचा. लक्षणं जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत, बहुधा आठवड्याच्या आसपास दिसतात: छान पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, पाठ कमानीसारखी वाकते. या धोक्याच्या दिवसांच्या तोंडावरच आपल्याकडे पाचवी आणि सटी येते. पाट्यावर सटवाई मांडतात, बाळाचं नशीब लिहायला तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्र जागवतात. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड म्हणून विळा किंवा कोयता असतो. ज्या विळ्याने नाळ कापली जायची आणि रोग शिरायचा, तोच विळा रक्षणासाठी उशाला असे. धोका नेमका कधी येतो हे लोकांनी अचूक टिपलं होतं. कुठून येतो, ते कळलं नव्हतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात एक लाख जन्मांमागे हजारावर, काही अंदाजांनुसार दोन हजारांच्या घरात बायका बाळंतपणात मरत होत्या. एकेका बाईला पाच-सहा बाळंतपणं. म्हणजे प्रत्येक वाडीत, प्रत्येक आळीत अशी एखादी सून, जाऊ, लेक गेलेली असायचीच. हडळ जौनपूरला का आहे आणि केरळात का आहे, याचं उत्तर इथे मिळतं. मरण सगळीकडे सारखंच होतं.

नाचणीचे दाणे आणि उधारीची वही

कोकणातल्या नोंदींत एक रीत सापडते. बाळंतपणात गेलेल्या बाईची तिरडी निघाली की तिच्यामागे वाटेवर नाचणीचे किंवा राळ्याचे दाणे पसरत जायचे. घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा. समजूत अशी की रात्री ती बाळाच्या ओढीने घराकडे परत निघेल. वाटेत दाणे दिसले की ते टिपत बसेल. सगळे टिपून होईपर्यंत उजाडेल आणि तिला माघारी जावं लागेल.

ही रीत जरा जवळून पाहू. मोहरीएवढा राळ्याचा दाणा, तो अंधारात, मातीत टिपायचा. जन्मभर सुपात धान्य पाखडलेल्या, निवडलेल्या बाईला मेल्यावरही तेच काम दिलं आहे. आणि ती का येते आहे? कोणाचा गळा घोटायला नाही, आपल्या बाळाला पाजायला. घराने तिची वाट अडवली आहे, पण तिच्या सवयीवर आणि कष्टाळूपणावर विसंबून. या एका रीतीत भीती, अपराधाची टोचणी आणि माया अशा गुंफल्या आहेत की त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

वाण्याकडे उधारी थकली की माणूस काय करतो? दुकानासमोरून जायचं टाळतो, मागच्या गल्लीने जातो. वाण्याने काही म्हटलेलं नसतं. वहीत आपल्या नावापुढे काय लिहिलं आहे हे ज्याचं त्याला माहीत असतं. गाव चिंचेखालून जायला घाबरतं ते याच कारणाने. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी पहिलटकरीण, अंगात रक्त नाही, सुईण उशिरा बोलावली, वैद्याला तर बोलावलंच नाही. हे देणं कोणाच्या नावावर आहे हे घराला माहीत असतं. ते फेडता येत नाही, म्हणून चिंचेवर हडळ बसते.

लावसटीची गोष्टही अशीच. एकोणिसाव्या शतकात विधवा गरोदर राहिली तर तिच्यापुढे विहीर जवळ करणं किंवा जन्मलेलं मूल मारणं यापलीकडे फारशी वाट नसायची. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि अशा बायकांना गुपचूप बाळंत होण्याची सोय केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली तेव्हा सगळा दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून खडसावलं. बाकीचे लोक उतारे टाकत होते. या तिघांनी वही उघडली आणि देणं कोणाचं आहे ते वाचून दाखवलं.

मोकळे केस, उलटी पावलं

हडळीचं रूप मनाला येईल तसं बेतलेलं नाही. ते चांगल्या सुनेच्या चित्राला उलटं करून काढलेलं आहे.

घरंदाज बाईचे केस बांधलेले; हिचे मोकळे. ती डोक्यावर पदर घेते. हिच्या अंगावर वस्त्र असेल तर अस्ताव्यस्त. ती दिवेलागणीला घरात असते. ही तेव्हाच बाहेर पडते. नवी सून माप ओलांडून घरात पाऊल टाकते, गौरीच्या दिवशी कुंकवाची पावलं दारातून आत काढतात. हडळीची पावलं मात्र उलटी असतात, म्हणजे तिच्या येण्याजाण्याचा माग घराला लागत नाही. कित्येक वर्णनांत ती पुढून भरलेली, देखणी दिसते आणि पाठीमागून पोकळ, नुसती हाडं. मला हे वर्णन सगळ्यांत बोलकं वाटतं. समोरून सजवलेली आणि आतून झिजून संपलेली बाई गावाने रोज पाहिलेली होती.

या चित्राचा दुसरा उपयोग शिस्तीसाठी झाला. ‘केस मोकळे सोडून चिंचेखालून जाऊ नकोस’, ‘तिन्हीसांजेला पाणवठ्यावर थांबू नकोस’, ‘अत्तर लावून बाहेर पडू नकोस’ ही वाक्यं भुताच्या नावाने सांगितली जायची, पण त्यांनी लगाम बसायचा तो जिवंत मुलींच्या फिरण्यावर.

भुताची देवी होते तेव्हा

भीतीशी वागण्याचे दोन मार्ग असतात: हाकलणं किंवा आपलंसं करणं. मराठी घरांनी दुसरा मार्ग फार सुंदर रीतीने वापरला आहे.

श्रावणात देवघराजवळ जिवतीचा कागद लावतात. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि त्यांच्यासोबत मुलाबाळांनी वेढलेल्या दोन बाया: जरा आणि जिवंतिका. ही जरा महाभारतातली राक्षसीण. दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधलं. मांस खाणारी राक्षसीण आज आपल्या भिंतीवर मुलांची राखणदार आहे आणि श्रावणातल्या शुक्रवारी तिला पुरणाचे दिवे ओवाळतात.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. बौद्ध कथेनुसार ती लोकांची मुलं पळवून खायची. बुद्धाने तिचं एक मूल लपवलं. तिचा जीव कासावीस झाला आणि दुसऱ्या आयांचं दुःख तिला कळलं. तेव्हापासून ती मुलांचं रक्षण करू लागली. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात सप्तमातृका ओळीने बसल्या आहेत. त्यांच्यातच सापळ्यासारख्या देहाची चामुंडा आहे. आई आणि मरण शिल्पकाराने एका रांगेत बसवलं.

पाणवठ्यावरच्या साती आसराही याच कुळातल्या. विहिरीच्या किंवा डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात लहान दगड, पुढे हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू, फणी. पोहायला उतरलेल्याला त्या ओढून नेतात असं मानतात आणि लेकरू व्हावं म्हणून त्यांचीच ओटीही भरतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात पायी फिरून सटवाई, मावलाया, साती आसरा यांची ठाणी नोंदवली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात या मातृदेवता किती जुन्या असाव्यात हे दाखवलं. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या, प्रसूतीच्या स्थितीतल्या देवीचा शोध घेतला.

मीरा-भाईंदरच्या कडेला, काशीमिऱ्याच्या आदिवासी पाड्यांकडे वळलं तर वारली लग्नातला चौक आठवतो. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेल्या या चौकाच्या मधोमध पालघाट देवी असते आणि तो काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. जननशक्तीचं चित्र बायकांच्याच हातून उमटतं.

तळ्याची कहाणी

कोणी म्हणेल, फोक हॉरर हा परदेशी माल आहे. श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी वाचा म्हणावं.

राजा गाव वसवतो, तळं बांधतो. तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात, सुनेचा वडील मुलगा दे. राजा सुनेला माहेरी धाडतो आणि तिच्या पाठीमागे नातवाचा बळी देतो. तळं भरतं. सून परतताना त्याच तळ्याच्या काठी थांबते, व्रत म्हणून दहीभात वाहते, आणि तिला तिचं मूल परत मिळतं.

चारही कड्या इथे आहेत: पाण्यावाचून तहानलेली भूमी, बंद जग, एक श्रद्धा आणि बळी. फरक एकाच गोष्टीत आहे. शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ (१९४८) या अमेरिकन कथेत गाव बाईला दगडांनी मारतं आणि कथा तिथेच संपते. आपली कहाणी बायका बायकांना सांगतात, म्हणून ती आईच्या बाजूने संपते. एन्थोवेनच्या पुस्तकातली हडळ मास्तरांच्या उत्तरांतून आली. कहाणीतली आई सांगणाऱ्या बाईच्या तोंडून आली. गोष्ट कोण सांगतं, यावर भीती कोणाची हे ठरतं.

छापील पानातून पडद्यावर

विसाव्या शतकात नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला. वाड्यातलं, पारावरचं भय मध्यमवर्गीय घरात आणि माणसाच्या मनात येऊन बसलं. धारपांची ‘आजी’ ही कथा राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटाची एक प्रेरणा. त्यात साखळदंडाने बांधलेली म्हातारी प्रेक्षकाला हादरवते. पण चित्रपटाचं खरं भय देवीच्या गर्भात आहे. पुरुष पुन्हापुन्हा त्या गर्भात उतरतो, सोनं ओरबाडतो आणि मुलालाही तेच शिकवतो. इथे राक्षसी काय आहे? ओरबाडणारा हात.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) तर थेट आपल्या विषयावर बोट ठेवतो. गरोदर शहरी बाई उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. तिला जे झपाटल्यासारखं वाटतं त्याच्या मुळाशी मुलग्याचा हव्यास आणि मारलेल्या मुली आहेत. हा धागा पडद्यापुरता नाही. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. याच चित्रपटाचा हिंदी अवतार ‘छोरी’ २०२१ साली आला.

याउलट घोडबंदर रस्त्यावर रात्री लिफ्ट मागणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईची गोष्ट घ्या. अशी बाई महाराष्ट्रातल्या कित्येक घाटांत सांगतात. तिला नाव नाही, गाव नाही, मरणाचं कारण नाही. ती फक्त घाबरवायला उभी आहे. लोकभयकथेतून बाईची हकिगत काढून घेतली की उरतं ते हे: साडी आणि किंकाळी.

अंगात येणं: बोलायची परवानगी

झपाटलेली बाई हा या विषयाचा दुखरा भाग. सासूसमोर मान वर न करणारी सून अंगात आलं की मोठ्याने बोलते, शिव्या देते, माहेरी पाठवा म्हणते, नवं लुगडं मागते. तिचं कधी न ऐकणारं घर हात जोडून ऐकतं, कारण आता बोलतंय ते भूत. मांत्रिक तिला विचारतो, ‘तू कोण? तुला काय पाहिजे?’ हे दोन प्रश्न त्या बाईला तोवर कोणी विचारलेले नसतात.

पण या प्रश्नांपाठोपाठ छडी येते, मिरच्यांची धुरी येते, केस धरून फरफटवणं येतं. आजाराचं निदान राहून जातं. बाळंतपणानंतरचा मानसिक आजार औषधांनी बरा होतो, हे प्रत्येक घराला माहीत हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

भूत जिवंत बाईवर बसतं तेव्हा

मेलेल्या बाईची भीती जिवंत बाईवर लादली की गोष्ट संपते आणि गुन्हा सुरू होतो. गावात मूल दगावलं, गुरं मेली, की एखादी एकटी, म्हातारी किंवा जमीन नावावर असलेली बाई डाकीण किंवा भुताळी ठरते. नंदुरबारच्या सातपुड्यात या प्रथेमुळे अनेक बायकांना मारहाण आणि गावबंदी सोसावी लागली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तिथे वर्षानुवर्षं याविरुद्ध काम केलं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात याच समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झगडले त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी किंवा सैतान ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

---

थोडक्यात

- बाईच्या भुतांची वर्गवारी लग्न आणि बाळंतपण यांवरून होते.
- हडळीचे ‘दहा दिवस’ म्हणजे जंतुसंसर्ग, झटके आणि मानसिक आजार यांच्या धोक्याचे दिवस.
- सटवाईची रात्र नवजात बाळाच्या धनुर्वाताच्या दिवसांच्या तोंडावर येते.
- हडळीचं रूप हे आदर्श सुनेचं उलटं चित्र आहे.
- जरा, हारिती, साती आसरा यांच्यात भीतीचं रूपांतर राखणदार देवीत झालं.
- जिवंत बाईला डाकीण ठरवणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.

---

वाचताना, पाहताना

भयकथा वाचू नयेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट त्या मन लावून वाचाव्यात, मुलांना सांगाव्यात. फक्त बाईचं भूत आलं की तीन प्रश्न विचारावेत. ही मेली कशानं? हिला मरताना कोणी वाचवू शकलं असतं का? आणि ही गोष्ट कोण सांगतंय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देते ती चांगली लोकभयकथा. ‘हिला घालवायचं कसं’ एवढ्यावरच जी थांबते, तिने जुन्या अन्यायाला नवा मेकअप केलेला असतो.

हडळीचा इतिहास आपण बदलूही शकतो, आणि बऱ्याच अंशी बदलला आहे. धनुर्वाताची लस, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांच्या जोरावर आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. २०१८–२० च्या सरकारी पाहणीनुसार एक लाख जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. हा आकडा अजून खाली आणणं, हाच हडळीवरचा खरा उतारा आहे.